आपल्याच माणसाची गाडी

विद्यापीठांची सत्रं सुरू व्हायच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीत आणि पुन्हा जुलैत, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरावीक मजकूर येतो. ‘कोरोला, २००९, ऑटोमॅटिक, १,८०,००० किलोमीटर, रेगो मार्चपर्यंत. आपल्याच माणसाची गाडी.’ खाली चार फोटो, त्यांतले तीन आतल्या सीटचे. संध्याकाळी चहा होतो, चहाबरोबर चिवडा होतो, गल्लीतून एक चक्कर होते आणि रविवारी गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहते. बॉनेट उघडलेलं नसतं. उघडलं असलंच तर ‘छान स्वच्छ ठेवलंय’ एवढं म्हणून पुन्हा लावलेलं असतं.

मी पस्तीस वर्षं यंत्र अभियांत्रिकी शिकवली, त्यामुळे मंडळातल्या लोकांचे फोन मला येतात. पण ते बहुतेक गाडी घेऊन झाल्यावर येतात. ‘काका, सिग्नलला सुटताना गाडी थरथरते, काही विशेष नाही ना?’ विशेष असतं. एका विद्यार्थ्यानं साडेपाच हजार डॉलरला अशीच एक छोटी हॅचबॅक घेतली होती. कामावरून सुटायला रात्रीचा एक व्हायचा, त्या वेळी घरी यायला दुसरं साधन नव्हतं. सातव्या आठवड्यात गिअरबॉक्स गेला आणि दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा निघाला. विकणारं कुटुंब सज्जन आहे, त्यांना खरोखरच काही माहीत नव्हतं. मुलगा पैसे मागू शकत नाही, त्यांना द्यावेत की नाही ते कळत नाही. त्यानंतरच्या गणपतीत दोन्ही पक्ष आरतीला हॉलच्या दोन टोकांना उभे होते.

माझं म्हणणं असं आहे की विकणाऱ्याचा प्रामाणिकपणा आणि गाडीची अवस्था या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि ओळखीत गाडी घेताना आपण नेमकी इथेच गल्लत करतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. २००१ साली त्याला नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. मुद्दा सोपा आहे. गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा बेतानंच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून हळूहळू निघून जातात आणि खोडीच्या तेवढ्या उरतात. यावर आपण शोधलेला उपाय म्हणजे ओळख: आपला माणूस फसवणार नाही. बरोबर आहे, बहुतेक वेळा फसवत नाही. पण अकरलॉफच्या मांडणीतल्या विकणाऱ्याला गाडीचं सगळं माहीत असतं. आपल्यातल्या किती जणांना असतं? चौदा वर्षं चालवलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये आत काय झिजलंय, हे मालकाला दिसत नाही. तो त्याला ठाऊक असलेलं खरंच सांगतो. ठाऊकच थोडं असतं.

आणि भीड ही भिकेची बहीण. ‘त्यांना काय वाटेल’ म्हणून आपण मेकॅनिक नेत नाही. डॉक्टर मित्र असला तरी तो रक्त तपासल्याशिवाय औषध देत नाही, त्यात आपला अपमान होतो असं आपल्याला कधी वाटत नाही.

कायदा या बाबतीत किती पाठीशी आहे तेही पाहून घ्या. व्हिक्टोरियात रेगोसकट गाडी विकताना रोडवर्दी सर्टिफिकेट लागतं, ते ३० दिवस चालतं. पुष्कळांना ते गाडीचं आरोग्यपत्रक वाटतं. त्यात टायर, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, दिवे, काचा, सीटबेल्ट, बॉडीचा गंज अशा सुरक्षिततेच्या गोष्टी पाहतात. इंजिन तेल पितं का, गिअरबॉक्स किती दिवस टिकेल, एसी गार होतो का, याच्याशी त्याचा संबंध नाही. न्यू साउथ वेल्सची पिंक स्लिप आणि क्वीन्सलंडचं सेफ्टी सर्टिफिकेट यांचाही रोख तोच आहे. परवानाधारक डीलरकडून घेतली तर व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये तीन महिने किंवा ५,००० किलोमीटरची कायदेशीर वॉरंटी मिळते, पण गाडी १० वर्षांच्या आतली आणि १,६०,००० किलोमीटरच्या आत चाललेली असेल तरच. आपण बोलतोय त्या गाड्या दोन्ही रेषा ओलांडून आलेल्या असतात. दोन घरांमधल्या खाजगी व्यवहारात तर ही वॉरंटी मुळातच नाही. व्यवहाराआधी तुम्ही जे तपासाल तेवढंच तुमचं संरक्षण.

तर काय तपासायचं?

सकाळी जा. आदल्या रात्री निरोप ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. इंजिनाच्या निम्म्या तक्रारी पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकू येतात आणि तापल्यावर लपतात. सुरू होताच खडखड आवाज येऊन चारपाच सेकंदांनी थांबला, तर टायमिंग चेन किंवा तिचा ताण धरणारा भाग सैल झालेला असू शकतो. सायलेन्सरकडे एकाला उभं करा. थंडीतली पांढरी वाफ थोड्या वेळानं विरते, तिची काळजी नको. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. मग हेड गॅस्केटचा संशय घ्या.

तेलाचं झाकण उघडून आतली बाजू बघा. तिथे लोण्यासारखा पांढुरका थर दिसला तरी लगेच घाबरू नका. थंडीत नुसत्या दोनतीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही तो धरतो. डिपस्टिक काढा. तिच्यावरचं तेलच दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं, तर चहा पिऊन घरी या.

कूलंटबद्दल जरा जास्त बोलतो, कारण यात आपल्या पिढीची एक सवय आड येते. आम्ही कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीत वाढलो. बोरघाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि रेडिएटरमध्ये डब्यानं पाणी ओतणारे काका, हे आमच्या उन्हाळ्याच्या सुट्टीचं चित्र होतं. पाणी ओता, जरा थांबा, पुढे निघा. हात अजून त्याच सवयीनं चालतो आणि इथेही कूलंट कमी दिसलं की नळाचं पाणी ओततो. आजच्या छोट्या गाड्यांच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात आणि त्याचा उत्कलनबिंदू पाण्याहून जास्त असतो. नुसत्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेलं इंजिन आतून झिजत जातं, पाण्याच्या वाटा गाळानं भरतात आणि चाळीस अंशांच्या एखाद्या जानेवारीत वेस्टर्न रिंग रोडवर व्हायचं ते होतं. म्हणून गाडी गार असताना, आणि फक्त गार असतानाच, कूलंटची टाकी बघा. रंग कंपनीप्रमाणे हिरवा, लाल, गुलाबी किंवा निळा असतो. तो स्वच्छ हवा. विटकरी गढूळ पाणी दिसलं किंवा वर तेलाचा तवंग दिसला, तर पुढची चर्चा करू नका. पाण्याच्या पंपाजवळ वाळलेल्या कूलंटचे डागही शोधा. तो पंप गळणं ही बऱ्याच कोरोलांची जुनी खोड आहे. महाग नाही, पण भावात धरायला हवी.

टायमिंग बेल्ट की चेन, हा प्रश्न गाडी बघायला जायच्या आधीच सोडवा. ह्युंदाई गेट्झला रबरी बेल्ट आहे. २००१ नंतरची कोरोला, यारिस, जॅझ, पेट्रोल माझ्दा ३ यांना चेन आहे. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरनंतर किंवा ठरलेल्या वर्षांनंतर, जे आधी होईल तेव्हा, बदलावा लागतो. ‘गाडी फारशी चाललीच नाही’ हे बेल्ट न बदलण्याचं कारण होत नाही, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. बेल्ट चालू गाडीत तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतात आणि बऱ्याच इंजिनांचं त्या एका क्षणात भंगार होतं. बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरून तेवढे पैसे भावातून वजा करा.

आता गिअरबॉक्स, कारण सगळ्यात मोठी बिलं इथून येतात. जाहिरातीत फक्त ‘ऑटो’ लिहिलेलं असतं, पण त्या शब्दाखाली तीन वेगवेगळी यंत्रं असतात. जुनं टॉर्क कन्व्हर्टरवालं चार किंवा पाच गिअरचं ऑटोमॅटिक पेट्रोल थोडं जास्त खातं, पण टिकतं. २००७ ते २०१२ या काळातली कोरोला हॅचबॅक याच जातीची. नंतरच्या पिढीत सीव्हीटी आलं, तसं ते आणखी कितीतरी छोट्या गाड्यांत आलं. त्यात गिअरच नसतात. दोन शंकूसारख्या पुली आणि त्यांच्यामधला पोलादी पट्टा असतो, प्रत्येक पुलीचे दोन भाग जवळ-लांब होतात तसं गुणोत्तर बदलतं. कल्पना सुरेख आहे, विद्यार्थ्यांना शिकवताना मला आनंद व्हायचा. मात्र हा पट्टा योग्य तेलावर जगतो, आणि तेल कधी बदललंय हे बहुतेक मालकांना सांगता येत नाही. ‘याचं तेल कधी बदलावंच लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि दुसरी गाडी बघा. तिसरं ड्युअल क्लच. फोर्डच्या फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्टमधल्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या तक्रारी ग्राहकांशी नीट हाताळल्या नाहीत म्हणून फेडरल कोर्टानं एप्रिल २०१८ मध्ये फोर्ड ऑस्ट्रेलियाला एक कोटी डॉलरचा दंड केला. त्या गाड्या आज जुन्या बाजारात आकर्षक भावात दिसतात. भाव कमी का आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.

तपासायची रीत तिन्हींना सारखीच: गाडी किमान अर्धा तास चालवा, कारण गिअरबॉक्स पूर्ण तापल्याशिवाय बोलत नाही. गल्लीतली चक्कर कामाची नाही. चढावर थांबवून पुन्हा सोडा. ‘डी’ आणि ‘आर’ मध्ये टाकून पाहा, दांडा हलवल्यावर गाडी क्षणभर विचार करत राहिली किंवा दणका बसला तर लक्षात घ्या. सुटताना थरथर, वेग एकसारखा ठेवूनही आरपीएमचा काटा वरखाली, पट्टा रडल्यासारखा बारीक सूर, यांतलं काहीही असलं तर विकणारे कितीही म्हणोत की ‘पहिल्यापासून असंच आहे’, घेऊ नका. मॅन्युअल गाडी असेल तर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच संपला.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. शॉपिंग सेंटरच्या रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट्-कट् आवाज आला तर सीव्ही जॉइंट गेलाय. (हे सीव्ही आणि सीव्हीटी वेगळे, गोंधळ करू नका.) स्पीड ब्रेकरवर ठक् आवाज म्हणजे सस्पेन्शनचे बुश किंवा शॉक ॲब्सॉर्बर. हायवेवर घुमणारा आवाज वळणावर कमीजास्त झाला तर चाकाचं बेअरिंग. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी आठदहा वर्षांचा टायर मी माझ्या मुलीच्या गाडीला ठेवणार नाही. एसी दहा मिनिटं चालवा, जुलैत गाडी घेणारे हे नेहमी विसरतात.

एक युक्ती मात्र सांगण्यासारखी आहे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. तीसचाळीस डॉलरचा स्कॅनर त्यात लावला की फोनवर गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले दोष दिसतात. एकही दोष नाही म्हणून खूश होऊ नका. त्याच स्कॅनरवर ‘रेडिनेस’ नावाची यादी असते, ती बघा. त्यातल्या बऱ्याच चाचण्या ‘पूर्ण नाहीत’ असं दाखवत असेल, तर दोष नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकती काढली होती. दोन्हींपैकी काय, ते शांतपणे विचारा.

कागदपत्रांत सर्व्हिसची वही सगळ्यात मोलाची. वेळच्या वेळी शिक्के असलेली १,८०,००० किलोमीटर चाललेली गाडी मी वही हरवलेल्या ९०,००० वाल्या गाडीआधी घेईन. आपल्याकडे ‘जपानी म्हणजे डोळे झाकून’ असा एक समज आहे. निगा न राखलेली जपानी गाडीही तितकीच बिघडते. गंमत म्हणजे इथे २०१० ते २०१५ या काळात विकली गेलेली ह्युंदाई आय २० चेन्नईजवळ बनायची आणि २००९ नंतरची सुझुकी आल्टो मानेसरहून यायची. गाडी कुठे बनली यावरून नाक मुरडण्यापेक्षा तिचं तेल कधी बदललं ते विचारा.

सतरा अक्षरी व्हिन नंबर घेऊन पीपीएसआरच्या सरकारी नोंदीत शोध घ्यायला दोन डॉलर लागतात. गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची आहे का, कधी ‘राइट ऑफ’ झाली होती का, हे कळतं. २०२२ च्या पुरांत ब्रिस्बेन, लिस्मोर, शेपार्टन आणि इथे मॅरिबिर्नाँगकाठी किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण पाहिलं. विमा नसलेल्या गाड्यांची नोंद कुठेच होत नाही. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, वरच्या भागाहून खालचा भाग मातकट असेल तर ओळखा. त्याच नंबरावर टकाटा एअरबॅग बदलली आहे का तेही बघून घ्या. ३१ डिसेंबर २०२० ला संपलेल्या सक्तीच्या मोहिमेत तीस लाखांवर गाड्या होत्या. एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात म्हणून ती मोहीम होती, त्यात हयगय नको.

हे सगळं वाचून ‘मला जमणार नाही’ वाटत असेल तर अगदी योग्य वाटतंय. स्वतंत्र मेकॅनिकला किंवा तुमच्या राज्याच्या मोटार क्लबला तपासणीचे साधारण दोनशे ते चारशे डॉलर द्या. पाच हजारांच्या गाडीवर हा खर्च जड वाटतो, पण ज्याच्याकडे पाचच हजार आहेत त्यालाच तो सगळ्यात गरजेचा आहे. फक्त मेकॅनिक विकणाऱ्यांच्या ओळखीतला नको.

दुसऱ्या पिढीतल्या वाचकांनो, आईबाबा तुमच्यासाठी गाडी शोधत असतील तर त्यांच्याबरोबर जा. १२० तास लॉगबुक भरलंय तुम्ही, गाडीचा आवाज तुम्हालाही कळतो. आणि एक गोष्ट पक्की करा. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून गार आहे. लाल लागला तर पहिल्या सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करायचं आणि फोन करायचा. ‘घर दोनच किलोमीटर आहे’ म्हणून पुढे गेलात, तर त्या दोन किलोमीटरमध्येच हेड वाकतं. उशीर झाला म्हणून रागावणारे आईबाबा परवडले.

विकणाऱ्यांकडूनही अपेक्षा आहे. मंडळाच्या ग्रुपवर गाडी टाकताना शेवटची सर्व्हिस कधी झाली, बेल्ट आणि गिअरबॉक्सचं तेल बदललं का, आणि माहीत असलेल्या खोडी, एवढं लिहा. शेवटी एक ओळ घाला: ‘मेकॅनिककडून तपासून घ्यावी, आमची हरकत नाही.’ ती ओळ तुम्ही लिहिलीत की समोरच्याला तोंड उघडून मागावं लागत नाही. ग्रुप चालवणाऱ्या मंडळींना माझी सूचना आहे की या ओळीशिवाय गाडीची जाहिरात ठेवूच नये. मी कार्यकारिणीला तसं पत्र दिलं आहे, अजून उत्तर आलेलं नाही.

गाडी ठरली आणि घेतली, तर १४ दिवसांत नावावर करून घ्या. ही मुदत व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स दोन्हीकडे आहे. पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑईल, फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड बदला, कारण ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि ते शेवटचं कधी बदललं हे कुणालाच आठवत नसतं. गिअरबॉक्सचं तेल मात्र आपल्या मनानं कुठलंही ओतू नका. सीव्हीटीला सीव्हीटीचंच तेल लागतं, आणि तेही त्या कंपनीनं सांगितलेलं.